साडेतीन हजारांचा ब्रेस्ट पंप आणि सीए फायनलचा दुसरा ग्रुप

कंपनीचं नाव लिहीत नाही, हे आधीच सांगते. हाच पंप, हीच गोल मोटर, हीच चार बटणं मी ऑनलाइन तीन वेगवेगळ्या नावांनी विकायला ठेवलेली पाहिली आहेत. फरक काय तो डब्यावरच्या बाळाच्या फोटोत. डबल, रिचार्जेबल, दोन नळ्या आणि मधे मोटर, किंमत ३,४९९ रुपये, असं काही घ्यायच्या विचारात असाल तर पुढचं तुमच्यासाठी. एप्रिलच्या शेवटी घेतला, आज डिसेंबर. आठ महिने दर वेळचे मिली मी एक्सेलमध्ये लिहून ठेवलेत. आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या उमेदवारीची, तीन वर्षं लोकांच्या गोदामात उभी राहून पोती मोजली, ती सवय जात नाही.

मी गोव्यात म्हार्दोळला राहते. सीए फायनलच्या दोनपैकी पहिला ग्रुप नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच महिन्यांचं पोट घेऊन दिला, तो निघाला. बाय, म्हणजे माझी मुलगी, मार्चमध्ये झाली. मेचा अटेम्प्ट सोडावा लागणार हे ठाऊकच होतं, आणि पूर्वीच्या हिशेबानं मग थेट नोव्हेंबर. पण मार्च संपता संपता बातमी आली की आता फायनलही वर्षातून तीनदा, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. ती मी खाटेवर, शेगडीच्या धुरात, एका हातानं मोबाइल धरून वाचली. नवरा बोटं मोजून म्हणाला, "सप्टेंबरात बाय सहा महिन्यांची होईल." सहा महिने म्हणजे नेमका तोच काळ, ज्यात अंगावरच्या दुधाशिवाय बाळाला दुसरं काही द्यायचं नसतं. आणि मला दिवसाचे सहा-सात तास घराबाहेर बसून अभ्यास करायचा होता, कारण बाळाच्या घरात बाळंतिणीला कुणी पुस्तक उघडू देत नाही. तिनं झोपावं, नाहीतर जेवावं. म्हणून पंप.

डबा उघडला त्या दिवशी मला वाटलं, पैसे पाण्यात. पंधरा मिनिटं लावून बसले तर दोन्हीकडचं मिळून ३० मिली, आणि दुखलं ते वेगळंच. सासूबाई, म्हणजे आमच्याकडे मांय, दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्याकडे पूर्वी गाय होती. त्या म्हणाल्या, अनोळखी हात लागला की गाय पान्हा चोरते, तसंच हे. त्या वेळी राग आला होता, पण त्यांचं अर्धं बरोबर होतं. पंपाला दोन मोड असतात. पहिला हलका आणि भरभर ओढणारा, तो पान्हा फुटावा म्हणून, आणि दुसरा सावकाश, खोल ओढीचा. बाळ आधी चुटूचुटू चोखतं आणि दूध उतरलं की लांब घोट घेतं, त्याची ती नक्कल आहे. मी पहिल्याच मिनिटाला ओढ नवावर नेऊन ठेवली होती. जास्त ओढलं की जास्त येतं, ही समजूत चुकीची. आता मी पहिल्या मोडवर दोन मिनिटं, मग दुसऱ्यावर चार किंवा पाच नंबर, त्याच्या वर कधी जात नाही. बायचा झोपेतला फोटो समोर ठेवला की लवकर उतरतं. हसायचं त्यानं हसावं, माझ्याकडे नोंदी आहेत.

मांयचं उरलेलं अर्धं चुकलं, कारण दोष मापाचा होता. डब्यात छातीला लावायची फनेलं २४ मिलिमीटरची आली. बहुतेक पंपांत तेच माप येतं आणि बहुतेक बायका तेच लावून रडतात. स्तनाग्राचा व्यास मोजायचा असतो, त्यात फार तर दोन-तीन मिलिमीटर मिळवायचे, की तुमचं माप. मी कंपासपेटीतल्या पट्टीनं मोजलं, १७ भरलं. मोठ्या फनेलात भोवतालची कातडी पण आत ओढली जाते, म्हणून दुखतं आणि दूध नीट निघत नाही. ही माहिती डब्यातल्या कागदावर आहे, इंग्रजीत, अकराव्या पानावर, मुंगीच्या अक्षरात. आत बसवायच्या सिलिकोनच्या १९ मिलिमीटरच्या चकत्या वेगळ्या मागवल्या, ३५० रुपये. त्या आल्या त्या दिवशीची नोंद ८५ मिली आहे. म्हणजे पंपाची खरी किंमत ३,८४९ धरा.

आवाजाबद्दल. जाहिरातीत "शांत" लिहिलंय. शांत म्हणजे शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही, पण त्याच खोलीत माणसाला नक्की येतो, आणि काही दिवसांनी तो आवाज बोलायला लागतो. मला तो "जीएसटी, जीएसटी" म्हणताना ऐकू यायचा. मांयनं एकदा विचारलं, "हें मशीन कितें उलयता गो?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. त्या कान देऊन ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "पेज दी, पेज दी." त्या दिवसापासून दुपारी घरी असले की पंपाबरोबर पेजेची वाटीही यायला लागली.

बाटली पंपाबरोबर फुकट देतात. आपल्याकडे १९९२ च्या कायद्यानं दूधबाटलीची जाहिरातच करायला बंदी आहे, आणि इथं पंपाच्या फोटोत सर्वात पुढं बाटलीच. असो. बायनं ती तोंडात धरली नाही. तीन वेगळी बुचं आणून झाली, ती जिभेनं ढकलून द्यायची आणि आमच्याकडे अशी बघायची की आम्हीच लाजावं. शेवटी माझ्या आईनं बारशाला दिलेलं चांदीचं बोंडलं मांयनं कपाटातून काढलं. मांडीवर आडवी घेतली, चोच ओठांच्या कोपऱ्याला लावली, अंदाजानं चार थेंब. गेलं. साठ मिली पाजायला पंचवीस मिनिटं लागायची, पण उकळत्या पाण्यात टाकून काढलं की बोंडलं स्वच्छ, ब्रश नको की बुचं नकोत. तेव्हा बाटलीसाठी पंप निवडू नका.

जूनपासून मी पणजीला एका खाजगी अभ्यासिकेत बसायला लागले. सकाळी आठला पाजून निघायचं, फोंडा-पणजी बस, बाणस्तारीच्या पुलावर अडकलं नाही तर तासाभरात पाटोच्या स्टँडवर. अकरा आणि दोन, अशा दोन पंपिंगच्या वेळा. पहिल्या दिवशी मॅनेजरला विचारलं, जरा खाजगी जागा आहे का. त्यानं टॉयलेट दाखवलं. मी म्हटलं, तुम्ही तुमचा डबा तिथं बसून खाता का? मग मोडक्या खुर्च्यांची खोली मिळाली. तिला कडी नव्हती, म्हणून मी पाय लांब करून दाराला लावून बसायचे, एका हातात दोन फनेलं आणि दुसऱ्या हातात डायरेक्ट टॅक्सचे चार्ट. नोकरीत असते तर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या कायद्यानंच मिळाल्या असत्या. विद्यार्थिनीला कुठला कायदा! पण हातमोकळी ब्रा घेतली (६०० रुपये, हेही किमतीत धरा) आणि त्या वीस मिनिटांत माझं ट्रान्सफर प्रायसिंग पाठ झालं. त्या खोलीतला अभ्यास अजून विसरलेला नाही. एसीतला विसरला.

बॅटरी चांगली आहे. एका चार्जिंगवर वीस मिनिटांचे पाच वेळा निघतात, आणि पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसल्यानं हे महत्त्वाचं. दूध साठवायचं गणित मात्र तुमचं तुम्ही करा. बाहेर चार तास टिकतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ते पंचवीस अंशांच्या खोलीतलं. आपल्या मे महिन्यात पंचवीस अंश कुठं असतात, मला दाखवा. मी बर्फाचे दोन पॅक घालून टिफिनची बॅग न्यायचे. फ्रिजमध्ये चार दिवस, फ्रीझरमध्ये सहा महिने. एकदा फ्रिजमध्ये वितळलं की चोवीस तासांत संपवायचं आणि पुन्हा गोठवायचं नाही. पिशव्यांवर तारीख लिहून जुनी पुढं, नवी मागं, फिफो. स्टॉक व्हॅल्युएशन आयुष्यात पहिल्यांदा कामाला आलं. अडचण एकच, आमचा फ्रीझर म्हणजे मांयचं राज्य. बांगडे, सोललेली सुंगटं म्हणजे कोळंबी, खोबऱ्याचे डबे. जूनमध्ये होड्या बंद होणार म्हणून मे महिन्यातच त्यांनी फ्रीझर ठासून भरलेला. दुधाच्या पिशव्या झाकणाच्या डब्यात ठेवायला सुरुवात करेपर्यंत दोन पिशव्यांना बांगड्याचा वास लागला होता. बायनं ते दूध बिनतक्रार प्यायलं. गोंयकार आहे.

आता या पंपाचा खरा दोष. यासाठीच लिहायला बसले.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आकडे पडायला लागले. सोमवार ९०, मंगळवार ८०, शुक्रवारी ५५, पुढच्या बुधवारी २५. मोटर तशीच चालत होती, आवाज तोच, दिवे तेच. मी मेथी खाल्ली, आळिवाची खीर खाल्ली, शतावरी सुरू केली. अभ्यासाच्या ताणानं होतं म्हणून तीन दिवस पुस्तक बंद ठेवलं. परीक्षेला सात आठवडे राहिले असताना! मांय काळजीनं म्हणाल्या, "दूद सुकलें काय गो तुजें?" त्यांच्या आवाजात एक अक्षर वाकडं नव्हतं, तरी मी न्हाणीघरात जाऊन रडले. मला वाटत होतं, पेपर आणि बाळ दोन्ही धरू पाहिलं म्हणून अंगानंच नकार दिला. म्हार्दोळला दारोदार जाईच्या फुलांच्या फाती विकायला असतात. दूध आटवायचं असेल तर जुन्या बायका मोगऱ्याची फुलं छातीशी बांधायच्या, हे कुठंतरी ऐकलेलं. त्या आठवड्यात मी केसात जाई माळायची सोडली. जाई वेगळी, मोगरा वेगळा, हे कळत असून.

मग एका रात्री भांडी धुताना फनेलाच्या खालचा तो छोटा पांढरा रबरी वॉल्व हातात आला. बदकाच्या चोचीसारखा असतो, दोन ओठ मिटलेले. दूध आलं की उघडतात, ओढ घेताना मिटतात. दिव्यासमोर धरून दाबला तर चिरेतून पलीकडची ट्यूबलाइट दिसली. ओठ मिटतच नव्हते. फाटला होता. हवा तिथून आत येत होती, त्यामुळे मोटर कितीही फिरली तरी छातीवर ओढ नव्हती. रोज ब्रशनं आतून घासून घासून मीच तो फाडला होता. तो ब्रशनं धुवायचा नसतो, बोटानं चोळायचा असतो, आणि रोज तीन-चार वेळा वापर असेल तर दोन-तीन महिन्यांनी बदलायचाच असतो. हे कागदावर आहे का? आहे. सतराव्या पानावर.

नवा जोड १८० रुपये. पण विक्रेत्याकडे सुटे भाग नव्हते. मेसेज केला तर उत्तर आलं, नवा पंप घ्या, सूट देतो. हेल्पलाइनवरच्या मुलानं मला मोटर रीसेट करायला लावली. शेवटी दुसऱ्या नावाच्या त्याच पंपाचे वॉल्व मागवले, ते चपखल बसले. एकाच साच्यातली यंत्रं असल्याचा हा तेवढा फायदा. पहिल्याच सकाळी ९५ मिली. मांयला दाखवलं. त्यांनी फाटका वॉल्व हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, एवढ्याशा रबरासाठी तू मला आठ दिवस आळीव निवडायला लावलंस?

ऑडिटमध्ये पहिल्या वर्षालाच शिकवतात की आकडा पडला तर आधी मोजमाप तपासा, मग माल. मी तीन वर्षं दुसऱ्यांचे वजनकाटे तपासले आणि स्वतःच्या वेळी सरळ मालाला दोष दिला. पंपात किती आलं यावरून अंगावर दूध किती आहे ते कळत नाही, एवढं जरी कुणी डब्यावर मोठ्या अक्षरात छापलं तरी मी एक तारा वाढवीन. त्या आठ दिवसांत बाय अंगावर व्यवस्थित पीत होती, लंगोट ओले होत होते, वजन वाढत होतं. हे सगळं डोळ्यांसमोर असून मी एक्सेलकडे बघत बसले.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, २७ ऑगस्टला. गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं, पाहुणे, फुगड्या, आणि मी कोठारात पोह्यांच्या डब्यांमधे बसून पंप करतेय. त्याबद्दल फार लिहीत नाही. एकच, बॅटरीवर चालणारा नसता तर ते पाच दिवस जमले नसते.

पेपर १०, १२ आणि १४ सप्टेंबर. वेळ दुपारी दोन ते पाच, पण पाऊणतास आधी आत जायचं आणि पावणेदोनला प्रश्नपत्रिका वाचायला मिळते. म्हणजे साधारण चार तास छाती मोकळी होणार नाही. पंप आत नेता येत नाही, यंत्र आहे ते. मी आणि नवरा बाराला केंद्राजवळ गाडी लावायचो. काचांना ओढण्या अडकवायच्या, तो बाहेर छत्री घेऊन उभा. एक वाजेपर्यंत दोन्हीकडचं अगदी शेवटपर्यंत काढायचं, आत कापडी पॅड, वर गडद कुडता. डायरेक्ट टॅक्स त्यावर निभावला. इनडायरेक्टच्या आदल्या आठवड्यात गंमत झाली. ३ सप्टेंबरला जीएसटी कौन्सिलनं दर बदलले, त्यात दूधबाटल्या बारा टक्क्यांवरून पाचवर, २२ तारखेपासून. परीक्षेला अर्थातच जुने दर. बायनं नाकारलेल्या बाटलीचा दर मला बदलण्याच्या बरोबर दहा दिवस आधी पाठ असायला हवा होता!

शेवटचा पेपर इंटिग्रेटेड बिझनेस सोल्युशन्स, चार तासांचा, पुस्तकं उघडी ठेवून लिहायचा. दोन ते सहा. पाच वाजेपर्यंत ठीक होतं. मग मागच्या वर्गात की शेजारच्या घरात, कुठंतरी एक मूल रडलं. माझं नव्हतं, कुणाचं होतं देव जाणे, पण अंगाला ते कळत नाही. पान्हा फुटला. पॅड भिजलं, दुसरं भिजलं, ओल कुडत्यावर आली. मी पुस्तकांचा ढीग छातीशी ओढून लिहीत राहिले. काखेपर्यंत दगड झाला होता, पान उलटायला हात पुढं केला तरी कळ यायची. सहाला बाहेर आले ती धावतच. गाडीत पंप लावला, सतरा मिनिटांत २१० मिली. आजवरचा माझा उच्चांक आहे तो, एक्सेलमध्ये पिवळ्या रंगात.

निकाल नोव्हेंबरात लागला. डायरेक्ट ५२, इनडायरेक्ट ६३, शेवटच्याला ३८. बेरीज १५३, लागतात १५०. पण प्रत्येक पेपरला ४० हवेत, त्यामुळे ग्रुप राहिला. त्यात पंपाला दोष देता येत नाही, तो गाडीत होता. ६३ मुळे इनडायरेक्टला सूट मिळाली, बाकीचे दोन जानेवारीत परत. बाय आता नाचणीचं सत्त्व खाते, भाताची पेज खाते, मांयच्या ताटातला पाव ओढते. चार तास सहज निघतात. तरी गाडीत पंप असणार आहे.

तारे द्यायचेच तर यंत्राला साडेतीन, कागदाला अर्धा, विक्रीनंतरच्या सेवेला शून्य. ज्यांना आठवड्यातून एकदा दोन तास बाहेर जायचंय त्यांनी हा घेऊ नये, आठशे रुपयांचा हातपंप पुरतो, नाहीतर हातानं काढायला शिकावं, त्याला वॉल्वच नसतो. रोज बाहेर पडणाऱ्यांनी घ्यावा, पण ऑर्डर देताना त्याच दिवशी वॉल्वचे दोन जोड आणि आपल्या मापाच्या चकत्याही मागवाव्यात.

माझ्या जावेच्या बहिणीनं परवा विचारलं, झाल्यावर तुझा देशील का? नाही म्हटलं, तिला वाईट वाटलं. पण या पंपाच्या नळीत दुधाची वाफ शिरते, मोटरपर्यंत जाते आणि ती आतून धुता येत नाही. दुसरीनं वापरायचं हे यंत्रच नव्हे. बुचं मात्र तीन आहेत, बायनं नाकारलेली, आणि २८ मिलिमीटरची दोन फनेलं, पाकीट फोडलेलंही नाही. कुणाचं माप बसत असेल तर म्हार्दोळला येऊन घेऊन जा, चारनंतर या. त्याआधी मी डायरेक्ट टॅक्समध्ये असते.